डॉट इनचं नाव घेताय? भाव बघा, पण आधी पावती कोणाच्या नावावर फाटतेय ते बघा

गणपतीला नऊ दिवस राहिले होते आणि दादरच्या एका वहिनींचा फोन आला. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी त्या वेबसाइटवरून घेतात. "भाऊ, आपलं पान उघडतच नाही हो, कसल्यातरी जाहिराती दिसतायत." मी बघितलं. साइट जागेवर होती, होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे भरलेले होते. मुदत संपली होती ती नावाची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, ज्याला डोमेन म्हणतात. काम बारा-तेराशे रुपयांचं, पण पैसे भरायला लॉगिन हवं आणि लॉगिनचा ओटीपी जात होता दुसऱ्याच माणसाच्या ईमेलवर. तीन वर्षांपूर्वी ज्या मुलानं साइट करून दिली, त्यानं नाव स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. फसवायचं म्हणून नाही, त्या दिवशी वहिनींना आपला ईमेलचा पासवर्ड आठवेना म्हणून. मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचनाही त्याच्याच त्या जुन्या ईमेलवर जाऊन पडल्या होत्या.

मुलगा आता बंगळुरूला. पण त्याची आई त्याच गल्लीत राहते, हे नशीब. तिनं रात्री साडेअकराला त्याला फोन लावला, त्यानं रात्रपाळीत जुना ईमेल उघडला आणि सहा आकडे दोनदा वाचून दाखवले. पैसे भरले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान सगळ्यांकडे पूर्ववत दिसायला लागलं. आई त्या गल्लीत नसती तर?

मुंबईत पागडीची खोली बघायला गेलं की जाणता माणूस भिंतीची ओल नंतर बघतो. आधी विचारतो, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? इंटरनेटवरच्या नावाचं नेमकं तेच आहे. ते विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीनं वापरायला मिळतं, आणि कागदावर ज्याचं नाव त्याचा हक्क. माझ्याकडे येणारी दुकानदार, मंडळं, सोसायट्या पहिला प्रश्न 'कितीला पडेल' हाच विचारतात. त्याचं उत्तर खाली देतोच, पण ते दुसऱ्या नंबरवर.

आधी घरमालक ओळखा

साइटच्या पत्त्याच्या शेवटी लावायला प्रत्येक देशाला दोन अक्षरांचं एक शेपूट असतं. आपलं 'इन'. ही दोन अक्षरं देशांच्या संक्षेपांच्या आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय यादीतून येतात. कुठलं शेपूट कोणाच्या ताब्यात याची जागतिक नोंदवही आयकॅन ही संस्था ठेवते. पण देशाच्या शेपटाखाली कोणाला नाव द्यायचं, काय भावानं द्यायचं, हे आयकॅन ठरवत नाही. ते त्या त्या देशाकडे. डॉट इनचा भाव वाढला म्हणून अमेरिकेत कोणाकडे तक्रार करून उपयोग नाही.

डॉट इन १९८९ साली भारताला मिळालं आणि त्याचा कारभार बरीच वर्षं आपल्या मुंबईतून चालला. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संशोधन संस्था होती, पुढे ती सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली. त्या काळी नाव मिळणं म्हणजे रेशनकार्ड काढण्यासारखं काम. कंपनी असल्याचे कागद द्या, नावाशी संबंध दाखवा, मग 'को डॉट इन'सारखं तिसऱ्या पायरीवरचं नाव मिळणार. परिणाम असा की २००४ संपेपर्यंत सगळ्या देशात मिळून नावं सात हजारांच्या आसपास. माणसं सरळ डॉट कॉम घेऊन मोकळी होत.

मग कारभार निक्सीकडे गेला. निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, २००३ साली स्थापन झालेली, नफा न कमावणारी कंपनी. ती केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली येते. जानेवारी २००५ मध्ये आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून डॉट इन सगळ्यांना खुलं झालं. भारतात राहण्याची अटही नाही. आज नावांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे आहे. नियम सैल केले, मधले दुकानदार नेमले, भाव उतरवला, की काय होतं याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

साखळी अशी. वर निक्सी, म्हणजे रजिस्ट्री. तिच्याखाली तिनं मान्यता दिलेले रजिस्ट्रार. त्यांच्याखाली रिसेलर, आणि बऱ्याचदा सगळ्यात खाली तुमचा वेबसाइटवाला. निक्सी तुम्हाला थेट नाव विकत नाही. म्हणून पहिलं काम: ज्याच्याकडून घेताय तो स्वतः मान्यताप्राप्त रजिस्ट्रार आहे की रिसेलर, हे विचारा. रिसेलर असेल तर त्याच्यावरचा रजिस्ट्रार कोण, तेही विचारा. मान्यताप्राप्तांची यादी निक्सीच्या रजिस्ट्रीच्या साइटवर आहे. रिसेलरकडून घेण्यात गैर काही नाही, पण उद्या त्यानं गाळा बंद केला तर कोणाचं दार ठोठवायचं ते आजच माहीत हवं.

कुठलं शेपूट घ्यावं

साधं दुकान असेल तर सरळ डॉट इन. 'को डॉट इन' सहसा थोडं स्वस्त पडतं आणि डॉट इनवर गेलेलं नाव तिथे कधी कधी शिल्लक असतं. पण दोन दुकानं, एकच नाव, एकाचं डॉट इन आणि दुसऱ्याचं को डॉट इन, ही पुढच्या भांडणाची बीजं आहेत. परवडत असेल तर दोन्ही घ्या. संस्था, मंडळ यांना 'ओआरजी डॉट इन' शोभतं, पण ते कोणालाही मिळतं, म्हणजे त्यावरून संस्था नोंदणीकृत आहे असं समजू नका.

काही शेपटं राखीव आहेत. 'जीओव्ही डॉट इन' सरकारी कार्यालयांना, 'एसी डॉट इन' विद्यापीठं-महाविद्यालयांना, 'एमआयएल डॉट इन' लष्कराला. नवीन भर 'बँक डॉट इन'ची. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जाहीर केलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितलं. ही नावं फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळतात, बाजारात नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना शिकवायला सोपी खूण आहे ही: बँकेच्या पत्त्याचा शेवट 'बँक डॉट इन' असा हवा. पत्त्यात मधेच कुठेतरी 'बँक' हा शब्द आला म्हणजे झालं, असं नाही.

मराठी माणसासाठी डॉट भारतही आहे. २७ ऑगस्ट २०१४ ला ते देवनागरीत सुरू झालं, हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी वगैरे आठ भाषांसाठी. पाटीवर छान दिसतं. मी स्वतः एक घेऊन ठेवलंय. पण प्रामाणिकपणे सांगतो, एकमेव पत्ता म्हणून घेऊ नका. आतून संगणक देवनागरी नाव रोमन अक्षरांतच साठवतो, 'एक्सएन'नं सुरू होणारी एक माळ असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा जुन्या फोनवर कधी कधी ती माळच दिसते. देवनागरी ईमेल पत्ता तर अनेक फॉर्म घेतच नाहीत. शिवाय आपलं ऱ्हस्व-दीर्घ. 'लाडू'चं नाव घेतलंत तर 'लाडु' लिहिणारं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कारण संगणकाला ती दोन वेगळी नावं. डॉट इन मुख्य ठेवा, डॉट भारत त्याकडे वळवा.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कचा शोध घ्या. भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर हा शोध फुकट आहे. मुंबईचं ट्रेडमार्क कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण शोधासाठी तिथे जायची गरज नाही. मसाले, पीठ, मिठाई असेल तर वर्ग ३०, केटरिंग किंवा हॉटेल असेल तर वर्ग ४३ बघा. नाव उपलब्ध दिसलं म्हणजे ते वापरायचा हक्क मिळाला असं नव्हे. रजिस्ट्रार ट्रेडमार्क तपासत बसत नाही, ती जबाबदारी नाव घेणाऱ्याची असते.

भाव वाचायचा कसा

निक्सी सगळ्या रजिस्ट्रारना एकाच घाऊक दरानं नाव देते आणि हा दर वर्षाला काही शे रुपयांचा असतो. त्यावर रजिस्ट्रारचा नफा, असल्यास रिसेलरचा नफा आणि १८ टक्के जीएसटी. म्हणजे माल सगळ्या दुकानांत तोच. फरक फक्त दुकानदाराच्या हातात.

आणि तो हात पहिल्या वर्षी सैल असतो, दुसऱ्या वर्षी आवळतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो पहिल्या वर्षाचा भाव. नूतनीकरणाचा भाव खाली बारीक अक्षरात, कधी कधी पैसे भरायच्या पानावरही नाही, वेगळ्या दरपत्रकात. गिऱ्हाईक पकडायला पहिलं वर्ष तोट्यात द्यायचं आणि नंतर वसूल करायचं, हा उघड धंदा आहे, त्यात लबाडी म्हणण्यासारखं काही नाही. हिशेब आपण करायचा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका दुकानात पहिलं वर्ष २९९ रुपये, पुढे दर वर्षी १,०९९. दुसऱ्या दुकानात सरळ दर वर्षी ७४९. पहिल्या दिवशी कोण दुसऱ्याकडे जाईल? पण पाच वर्षं धरा. पहिल्याकडे २९९ अधिक चार वेळा १,०९९, म्हणजे ४,६९५. जीएसटीसकट साधारण ५,५४०. दुसऱ्याकडे ३,७४५, जीएसटीसकट साधारण ४,४१९. अकराशे रुपयांचा फरक. वहिनींना मी हेच कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे भाजीवाला पहिली जुडी फुकट देतो तसं." अगदी तसं.

म्हणून दुकान निवडताना चार आकडे लिहून घ्या: नूतनीकरणाचा भाव, दुसरीकडे हलवायचा भाव, मुदत संपल्यावर नाव सोडवून घ्यायचा दंड, आणि जीएसटी धरलाय की वेगळा. पहिल्या वर्षाचा भाव पाचवा.

पैसे भरायच्या पानावर आपोआप टिक झालेल्या गोष्टी बघा. एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी सोय, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते लावूनच देतात. वेगळा ईमेल हवा असेल तरच घ्या. आणि 'प्रायव्हसी प्रोटेक्शन'चे पैसे डॉट इनवर कोणी मागितले तर सरळ नाही म्हणा. मालकाची माहिती झाकणारी अशी आडोशाची सेवा डॉट इनच्या धोरणात चालत नाही. हूइज म्हणजे नाव कोणाकडे आहे ते दाखवणारी सार्वजनिक नोंद, तिच्यात व्यक्तीचा पत्ता आणि फोन रजिस्ट्री स्वतःच झाकते.

काही नावांवर 'प्रीमियम' लिहिलेलं दिसेल. छोटे, चटकन लक्षात राहणारे शब्द. तिथे भाव वेगळाच असतो, आणि नूतनीकरणही प्रीमियम दरानं आहे का, हे लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका. आधीच कोणीतरी घेऊन विकायला ठेवलेलं नाव ही तिसरी गोष्ट. तो भाव निक्सीचा नाही, रजिस्ट्रारचाही नाही, त्या माणसाच्या मनाचा.

जीएसटी क्रमांक असेल तर पैसे भरण्याआधी टाका, बिल निघाल्यावर बदलून मिळवणं डोकेदुखी असते. बहुतेक व्यापाऱ्यांना या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. केटरिंगवर ५ टक्के लावणाऱ्यांना मिळत नाही, त्यांनी पूर्ण रक्कम खर्चात धरावी.

'डॉट कॉमच बरं ना?' हा प्रश्न हमखास येतो. डॉट कॉमचा घाऊक भाव व्हेरीसाइन ही अमेरिकी कंपनी डॉलरमध्ये घेते. २०२१ च्या सुरुवातीला तो वर्षाला ७.८५ डॉलर होता. करारात दर वेळी ७ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे, त्यानुसार चार वाढी होऊन १ सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ डॉलर झाला. वर रुपयाची घसरण आपल्या माथी. डॉट इनचा दर रुपयांत ठरतो, ही माझ्या मते छोट्या धंद्यासाठी मोठी सोय. भाव वाढणारच नाही असं नाही, पण तुम्ही एकदम पाच किंवा दहा वर्षांचे पैसे भरून ठेवलेत तर मधली वाढ तुम्हाला लागत नाही. नाव टिकवायचंय हे नक्की असेल तर मी पाच वर्षं सुचवतो. दहा वर्षांत धंदा, भागीदार, कधी कधी शहरही बदलतं.

दुसऱ्या देशाचं शेपूट फॅशन म्हणून घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की तुम्ही त्या देशाचे भाडेकरू होता. 'एआय' हे अँग्विला नावाच्या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचं, तिथे नोंदणी किमान दोन वर्षांची करावी लागते. 'आयओ' ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं, आणि ती बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटननं मे २०२५ मध्ये सही केली, त्यामुळे त्या शेपटाच्या भवितव्याची चर्चा चालू आहे. युगोस्लाव्हिया मोडला आणि त्याचं 'वाययू' २०१० मध्ये कायमचं बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो लोकांची 'ईयू'वरची नावं गेली. बेकरीला असली साहसं कशाला?

नोंदणी: इथे घाई करू नका

ही पायरी दहा मिनिटांची, पण वहिनींचं सगळं इथेच बिनसलं होतं.

खातं तुमच्या नावानं उघडा. वेबसाइटवाला समोर बसलेला असला तरी ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, कार्ड तुमचं. तो म्हणेल, "काकू, माझ्या खात्यातून घेतो, पटकन होईल, डिस्काउंटपण आहे." दीडशे रुपये वाचतील, पण पावती त्याच्या नावावर फाटेल. त्याला काम करायला प्रवेश हवा असतो तो तुमच्या खात्यातून देता येतो, बहुतेक रजिस्ट्रार दुसऱ्या माणसाला मर्यादित परवानगी देण्याची सोय ठेवतात.

फॉर्ममध्ये 'रजिस्ट्रंट', म्हणजे नावाचा धनी, हा रकाना खरा. 'टेक्निकल', 'बिलिंग' हे रकाने वेबसाइटवाल्याला दिले तरी हरकत नाही. रजिस्ट्रंटमध्ये मालकाचं नाव, आणि संस्थेच्या रकान्यात दुकानाचं किंवा कंपनीचं कायदेशीर नाव, जसं पॅनवर किंवा नोंदणीपत्रावर आहे तसं. रजिस्ट्रार ओळखपत्र मागू शकतो, आणि माहिती खोटी निघाली तर नाव थांबवता येतं. घाटकोपरचा पत्ता द्यायचा तर खरा द्या, 'एबीसी रोड' नको.

ईमेलबद्दल एक गंमत, म्हणजे झाल्यावर गंमत. काही जण संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देतात, 'माहिती अ‍ॅट आपलंच नाव डॉट इन'. नावाची मुदत संपली की तो ईमेलही बंद. म्हणजे मुदत संपल्याची सूचना, पासवर्ड बदलायचा दुवा, सगळं बंद पडलेल्या पेटीत जाणार. किल्ली आत आणि लॅच लागलेलं. संपर्काला बाहेरचा ईमेल ठेवा.

मंडळं आणि सोसायट्यांचं वेगळं दुखणं आहे. कार्यकारिणी बदलते, सचिव बदलतो, आणि जुना सचिव नव्याशी बोलत नाही. त्यांनी मंडळाच्या नावाचा एक स्वतंत्र ईमेल काढावा, पासवर्ड हरवला तर तो परत मिळवण्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांचे मोबाइल द्यावेत, रजिस्ट्रंटच्या संस्था-रकान्यात मंडळाचं नोंदणीकृत नाव टाकावं आणि नाव घेतल्याचा ठराव इतिवृत्तात लिहावा. ठराव एका ओळीचा असतो. उद्या भांडण झालंच तर त्या एका ओळीला वजन येतं.

नोंदणी झाली की रजिस्ट्रीच्या साइटवर हूइज शोधात आपलं नाव टाका. रजिस्ट्रार कोण दिसतो, संस्थेचं नाव बरोबर आहे का, मुदत कधी संपते, हे बघा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. तुमचं आधीपासून नाव असेल तर ही गोष्ट आज रात्रीच करा. संस्थेच्या रकान्यात वेबसाइटवाल्याच्या कंपनीचं नाव दिसलं, तर त्याच्याशी संबंध गोड आहेत तोवर बदलून घ्या.

कुलूप आणि आपोआप नूतनीकरण

खात्यात शिरून तीन बटणं बघा. ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव दुसरीकडे हलू न देणारं कुलूप, चालू हवं, हूइजमध्ये ते 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असं दिसतं. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू हवं. आणि ऑटो रिन्यू.

ऑटो रिन्यूवर मात्र विसंबून राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर ई-मँडेट, म्हणजे बँकेला आधी दिलेली ऑनलाइन परवानगी, नोंदवलेलं लागतं आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे कार्ड साठवलेलं असतं, ऑटो रिन्यू हिरवं दिसतं, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी बँक व्यवहार नाकारते. कार्डाची मुदत संपली तरी तेच. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये साठ दिवस आधी आणि तीस दिवस आधी अशा दोन नोंदी करायला लावतो, दोन वेगळ्या माणसांच्या फोनमध्ये.

मुदत संपलीच तर

घाबरू नका, पण ताटकळूही नका. मुदत संपल्यावर साइट बंद पडते किंवा तिथे रजिस्ट्रारच्या जाहिराती येतात. नाव लगेच जात नाही. पहिल्या सवलतीच्या काळात, साधारण महिनाभर, नेहमीच्या नूतनीकरणाच्या भावात ते परत मिळतं. नेमके किती दिवस हे रजिस्ट्रारवर असतं, म्हणून त्याच्या अटी वाचा. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ. यात नाव अजून तुमचंच, पण सोडवायला दंड, आणि तो नूतनीकरणाच्या कैक पट असू शकतो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव बाजारात. अशा नावांवर टपून बसलेले लोक संगणकानं क्षणात उचलतात, आपण सकाळी चहा घेऊन बघेपर्यंत ते गेलेलं असतं.

पैसे भरल्यावरही साइट सगळ्यांना एकदम दिसत नाही. नावावरून साइटची जागा सांगणाऱ्या जगभरच्या डीएनएस यंत्रांनी जुनं उत्तर काही तास धरून ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकांना तेवढं सांगून टाका. वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला आणि त्या रात्रीच्या ऑर्डरी वहीत घेतल्या.

दुकान बदलायचं असेल तर

भाव पटत नसेल तर नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येतं. नवीन नोंदणीनंतर पहिले ६० दिवस थांबावं लागतं. मग जुन्या खात्यातून लॉक काढा, ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा गुप्त आकडा, मागा, नव्या रजिस्ट्रारला तो द्या, एक वर्षाचे पैसे भरा. ते वर्ष आधीच्या मुदतीत मिळवलं जातं, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

अडचण येते ती डीएनएसची. साइट आणि ईमेलच्या दिशा जुन्या रजिस्ट्रारच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे या दिशा सांगणाऱ्या संगणकावर, लिहिलेल्या असतील, तर नाव हलल्यावर तो नेमसर्व्हर बंद होऊ शकतो आणि ईमेल गप्प होतो. म्हणून आधी सगळ्या डीएनएस नोंदींचा फोटो काढा, त्या नव्या जागी लिहा, दोन दिवस चालतंय का बघा, आणि मगच नाव हलवा. सणासुदीच्या किंवा परीक्षा-प्रवेशाच्या हंगामात हे काम काढूच नका.

जुना रजिस्ट्रार किंवा रिसेलर कोड द्यायला टाळाटाळ करू लागला तर फोनवर भांडू नका. बिलाची प्रत जोडून ईमेल करा, उत्तराला मुदत द्या. रिसेलर असेल तर तोच ईमेल वरच्या रजिस्ट्रारला. तिथेही दाद नाही तर निक्सीच्या रजिस्ट्रीला. ओळीनं गेलात तर कागद तयार होत जातात.

तुमचंच नाव दुसऱ्यानं घेतलं असेल तर

आधी बघा, तो नावाचा वापर कशाला करतोय. तुमचंच आडनाव असलेला रत्नागिरीचा खरा आंबेवाला असेल, तर त्याचाही हक्क आहे आणि तो आधी आला. पण तुमच्या दुकानाच्या नावानं कोणी ऑर्डरी घेत असेल, किंवा 'दोन लाख द्या, नाव देतो' असा निरोप धाडत असेल, तर डॉट इनसाठी इंडआरपी नावाची लवादाची वाट आहे.

तक्रार निक्सीकडे करायची, ती लवाद नेमते. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि ते घेण्यात किंवा वापरण्यात त्याची नियत वाईट आहे. निकाल ६० दिवसांत अपेक्षित असतो, फार तर ३० दिवस वाढ. नाव तुमच्याकडे वळवून मिळतं किंवा रद्द होतं. बुडालेल्या धंद्याची भरपाई इथे मिळत नाही, त्यासाठी कोर्ट. लवाद १९९६ च्या लवाद कायद्याखाली चालतो, त्यामुळे निकालाला कोर्टात आव्हानही देता येतं. फी हजारो रुपयांत जाते, वकील वेगळा. मोदकांच्या छोट्या धंद्याला आधी वकिलाची एक साधी नोटीस पुरते का, ते बघावं. डॉट कॉमला ही वाट लागू नाही, तिथे यूडीआरपी ही तशीच आंतरराष्ट्रीय वाट, आणि जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका लवादाची फी १,५०० डॉलरपासून सुरू होते.

कोर्टाची वाट मुंबईनं लवकर पाडली. १९९९ मध्ये रेडिफ या वेबसाइट कंपनीनं 'रॅडिफ' नाव घेणाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मनाई मिळवली. न्यायालय म्हणालं, डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही डोमेनला पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा, कायदा लागू केला. या सगळ्यात उपयोगी पडतं ते तुमच्याकडचं जुनं कागदपत्र: पहिलं बिल, जुनी पत्रकं, जाहिराती, आणि असल्यास ट्रेडमार्कची नोंदणी. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपयांत होतो. दुसऱ्या दुकानाची पाटी लावायच्या खर्चापेक्षा कमीच.

वहिनींचं नाव आता त्यांच्या स्वतःच्या खात्यात आहे, पाच वर्षांचे पैसे भरून. त्या बंगळुरूच्या मुलानं ऑनलाइन येऊन वीस मिनिटांत ते हलवून दिलं, त्याला घरपोच एकवीस मोदक गेले, म्हणजे त्याच्या आईकडे. तांदळाच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: रजिस्ट्रारचं नाव, लॉगिनचा ईमेल, मुदत संपायची तारीख. पासवर्ड त्यावर नाही, तो त्यांनी कुठे लिहिलाय ते मलाही सांगत नाहीत.